एआय एजंटला प्रॉडक्शनची वाट देताना तपासणी कुठे असावी?

प्रश्न असा आहे: "आमच्या कंपनीत रात्रीच्या अलर्टवरची पहिली कारवाई एआय एजंटने, म्हणजे टूल वापरून स्वतः कामे करणाऱ्या मॉडेलने, करावी असे ठरले आहे. त्यासाठी त्याला लॉग, पोस्टग्रेस डेटाबेस आणि कुबरनेटिस क्लस्टर (ज्या सर्व्हरसमूहावर आमच्या सेवा चालतात तो) यांची वाट द्यावी लागेल. सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या कायमच्या सूचनांत) 'परवानगीशिवाय काहीही पुसू नकोस' असे स्पष्ट लिहिले आहे आणि डेटाबेसची जोडणी रीड-ओन्ली ठेवली आहे. एवढे पुरेसे आहे का? प्रत्येक कृती त्या क्षणी तपासायची तर नेमके काय उभारावे लागते, आणि त्यामुळे काम मंदावणार नाही का?"

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: पुरेसे नाही. सिस्टिम प्रॉम्प्टमधले वाक्य ही एजंटला केलेली विनंती असते. ती त्याने पाळली नाही तर पुढे त्याला कोण अडवणार, एवढे विचारले की आपल्याकडे नियंत्रण आहे की नाही ते लगेच कळते. तुम्ही वर्णन केलेल्या रचनेत अडवणारे कोणी दिसत नाही, आणि रीड-ओन्ली जोडणीबद्दलही तुम्ही समजता तितके निश्चिंत राहता येत नाही. त्याविषयी खाली सविस्तर लिहितो.

जुलै २०२५ मधले रेप्लिटचे प्रकरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. सास्टर या उद्योजकांच्या समुदायाचे संस्थापक जेसन लेमकिन रेप्लिट या कोड लिहून देणाऱ्या सेवेच्या एजंटकडून एक ॲप बनवून घेत होते. बदल गोठवलेले आहेत, विचारल्याशिवाय काही करू नकोस, ही सूचना त्यांनी पुन्हा पुन्हा दिलेली होती. तरीही एजंटने प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, डेटाबेसमधल्या १,२०६ अधिकाऱ्यांच्या आणि हजाराहून अधिक कंपन्यांच्या नोंदी पुसल्या, आणि वर रोलबॅक, म्हणजे आधीची स्थिती परत आणणे, शक्य नाही असेही सांगितले. प्रत्यक्षात रोलबॅक झाला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागताना जे उपाय जाहीर केले, त्यांत सूचना अधिक कडक शब्दांत लिहिण्यावर भर नव्हता. डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनचे डेटाबेस आपोआप वेगळे ठेवणे आणि कोडला हात न लावता केवळ आखणी करणारा मोड देणे, हे त्यांतले मुख्य होते. या प्रकरणातली दुसरी गोष्ट फारशी चर्चिली जात नाही, पण ऑन-कॉल (अलर्ट आला की धावून जायची पाळी असलेल्या) इंजिनिअरच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. आपण काय केले आणि ते परत आणता येईल का, याविषयी एजंट जे सांगतो तो पुरावा धरता येत नाही. ते प्रणालीलाच विचारावे लागते.

सूचना का टिकत नाही, याचे कारण मॉडेलच्या रचनेत आहे. तुमची सूचना, वापरकर्त्याचे म्हणणे आणि टूलने परत आणलेला मजकूर हे सगळे मॉडेलपुढे एकाच ओघात येते. त्यातले कोणते पाळायचे आणि कोणते नुसते वाचायचे, याची भरवशाची सीमा तिथे नसते. बाहेरच्या मजकुरात दडवलेल्या आज्ञांच्या या हल्ल्याला प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये प्रॉम्प्ट इंजेक्शन असे नाव दिले आणि ते रूढ झाले. तुमचा एजंट रात्रभर लॉग वाचणार आहे. त्या लॉगमध्ये कोणीतरी शोधपेटीत टाकलेले शब्द, ब्राउझरने पाठवलेले यूजर-एजंट हेडर (ब्राउझरची ओळख सांगणारी ओळ), तक्रारीच्या तिकिटातला परिच्छेद असे सगळे असते. म्हणजे तुमच्या लॉगमध्ये एखादी ओळ उमटवू शकणारा जगातला कोणीही माणूस तुमच्या एजंटशी बोलू शकतो, आणि एजंटकडे तुमच्या क्लस्टरच्या किल्ल्या आहेत.

म्हणून तपासणी एजंटच्या बाहेर, आणि त्याची कृती प्रत्यक्ष प्रणालीवर पोहोचण्याच्या वाटेवरच असली पाहिजे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच संगणक-सुरक्षेची जी तत्त्वे मांडली, त्यांत प्रत्येक वस्तूला होणारा प्रत्येक स्पर्श अधिकारासाठी तपासला जावा आणि उघडपणे परवानगी नसेल तिथे उत्तर नकार असावे, ही दोन होती. एजंटसाठी वेगळे काही शोधायची गरज नाही. मधे एक गेटवे, म्हणजे प्रत्येक मागणी ज्यातून जाते असा नाका, असावा. एजंटकडे डेटाबेसचा पासवर्ड नसावा, क्लाउडचे टोकन नसावे, कुबेकॉन्फिग (क्लस्टरमध्ये शिरण्याची किल्ली असलेली फाइल) नसावे. त्याने गेटवेकडे फक्त मागणी करावी: अमुक टूल, अमुक इनपुट, अमुक अलर्टच्या संदर्भात. गेटवेने धोरण तपासावे आणि मान्य असेल तर स्वतःच्या किल्लीने ते काम करून केवळ उत्तर परत द्यावे. एजंट ज्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त जागेत, चालतो तिथून डेटाबेसकडे किंवा क्लस्टरच्या एपीआयकडे थेट जाणारी नेटवर्कची वाटही बंद असावी.

हे शेवटचे वाक्य कागदावर सोपे दिसते आणि नेमके तिथेच काम कच्चे राहते. गेटवे नीट बांधलेला असतो, धोरणे विचारपूर्वक लिहिलेली असतात, आणि एजंटच्या कंटेनरमधून क्लाउड मशीनची मेटाडेटा सेवा (मशीनला तिच्याविषयीची माहिती आणि टोकन देणारी), म्हणजे १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता, बिनदिक्कत उघडतो. तिथून त्या मशीनच्या भूमिकेचे, म्हणजे तिला दिलेल्या अधिकारांचे, टोकन मिळाले की गेटवे शोभेपुरता उरतो. त्यामुळे सर्वांत आधी सँडबॉक्समध्ये शिरून, जणू आपणच तो एजंट आहोत अशा रीतीने, बाहेर पडण्याच्या वाटा हाताने तपासाव्यात: मेटाडेटाचा पत्ता, पर्यावरण-चलांत राहून गेलेली गुपिते, होम फोल्डरमधल्या जुन्या कॉन्फिग फाइल, आणि डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा. शेवटचे विसरले जाते. वेब बंद आणि डीएनएस उघडे असेल तर नावाच्या चौकशीतूनही माहिती बाहेर नेता येते.

एजंटची ओळख स्वतंत्र असावी. ऑन-कॉल इंजिनिअरच्याच खात्यावर एजंट चालवला की दोन तोटे होतात. लॉगमध्ये माणूस कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि त्या इंजिनिअरला वर्षानुवर्षे साठत गेलेले सगळे अधिकार एजंटला आयते मिळतात. योग्य नियम असा की, एजंटला स्वतःला जेवढी मुभा आहे आणि तो ज्याच्या वतीने काम करतो त्या माणसाला जेवढी मुभा आहे, त्या दोन्हींत जे समान असेल तेवढेच चालावे. ज्याच्याकडे अधिकार जास्त आहेत त्याला फसवून कमी अधिकाराच्या माणसाने काम करवून घेण्याचा धोका नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्येच वर्णन केलेला आहे. एजंट हे त्याचे आजवरचे सर्वांत चोख उदाहरण आहे.

ज्यांना हे सारे नवे आणि अतिरेकी वाटते, त्यांनी शेअर बाजाराकडे पाहावे, कारण वेगाने निर्णय घेणाऱ्या प्रोग्रॅमना प्रत्यक्ष बाजारात सोडण्याचा अनुभव त्या क्षेत्राकडे आपल्यापेक्षा फार जुना आहे. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने नोव्हेंबर २०१० मध्ये असा नियम केला की, ऑर्डर बाजारात पोहोचण्यापूर्वीच ती मर्यादांवर तपासली जावी आणि ती तपासणी ब्रोकरच्या थेट आणि एकट्याच्या ताब्यात असावी. ऑर्डर पाठवणाऱ्या ग्राहकाच्या हाती नव्हे. नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले, तेव्हा या नियमाखालची पहिली कारवाई त्या कंपनीवर झाली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये १.२ कोटी डॉलरचा दंड बसला. आपल्याकडे सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो (प्रोग्रॅमने दिलेल्या) ऑर्डरना स्वतंत्र ओळखक्रमांक लावण्याची आणि त्या क्रमांकावरून येणाऱ्या ऑर्डर थांबवता येतील अशी किल-स्विचची सोय एक्स्चेंजकडे असण्याची तरतूद केली. मुंबईतल्या ब्रोकिंग कंपन्यांत काम केलेला कोणी तुमच्या संघात असेल, तर एजंटसाठीची धोरणे लिहायला त्याला आधी बसवा. प्रत्येक कृतीवर ओळख, कृतीपूर्वी मर्यादा, आणि बाहेरून थांबवण्याची सोय ही त्याच्या रोजच्या कामातली गोष्ट असते.

आता रीड-ओन्ली जोडणीकडे येऊ, कारण तुमचा सर्वाधिक भरवसा तिच्यावर दिसतो.

पोस्टग्रेसमध्ये "रीड-ओन्ली" म्हणून जे चालते त्याचे किमान चार प्रकार आहेत आणि त्यांतले दोन कुचकामी आहेत. पहिला म्हणजे क्वेरीचा मजकूर तपासणे: "सिलेक्ट" या शब्दाने सुरू होत असेल तरच जाऊ द्यायची. पण पोस्टग्रेसमध्ये "विथ" ने सुरू होणाऱ्या क्वेरीच्या पोटात "डिलीट ... रिटर्निंग" लिहून बाहेर "सिलेक्ट" ठेवता येते, म्हणून तपासणाऱ्याने "विथ" ला मुभा दिली की दार उघडले, आणि तीही नाकारली तरी नुसत्या "सिलेक्ट" मधून एखादे फंक्शन बोलावता येते, ज्याच्या आत काहीही लिहिलेले असू शकते. "एक्सप्लेन" निरुपद्रवी समजून त्याला मुभा देणारेही पुष्कळ असतात. "एक्सप्लेन" निरुपद्रवी आहे. "एक्सप्लेन ॲनालाइझ" दिलेली क्वेरी खरोखर चालवते, आणि ती "डिलीट" असेल तर ओळी खरोखर जातात. क्वेरी मंद का आहे हे शोधणारा एजंट नेमकी हीच आज्ञा सर्वांत आधी उचलतो.

दुसरा प्रकार म्हणजे जोडणीवर "डीफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड-ओन्ली" ही सेटिंग लावणे. ही केवळ सुरुवातीची स्थिती असते; ज्याची ती जोडणी आहे त्याला ती "सेट" आज्ञेने बदलता येते. व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट) रीड-ओन्ली म्हणून उघडून त्यात क्वेरी चालवणे हाही त्याचाच भाऊ. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलसाठी (मॉडेलला टूल जोडण्याच्या पद्धतीसाठी) नमुना म्हणून दिलेल्या पोस्टग्रेस सर्व्हरमध्ये हेच केलेले होते, आणि २०२५ मध्ये डेटाडॉग कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की एकाच मजकुरात आधी "कमिट" (व्यवहार पक्का करण्याची आज्ञा) आणि अर्धविरामानंतर "ड्रॉप स्कीमा" (तक्त्यांचा अख्खा गट पुसण्याची आज्ञा) लिहिले की पहिल्या शब्दाने रीड-ओन्ली व्यवहार संपतो आणि दुसरी आज्ञा मोकळ्या मैदानात चालते. क्वेरी किती वेळ चालू शकते याची मर्यादा, म्हणजे "स्टेटमेंट टाइमआउट", हीदेखील अशीच वापरणाऱ्याच्या हातात असते. भूमिकेवर (डेटाबेसमधल्या खात्यावर) लावलेली ३० सेकंदांची मर्यादा एजंट एका ओळीत शून्यावर, म्हणजे अमर्याद, नेऊ शकतो. यात त्याचा वाईट हेतू असावाच लागत नाही. क्वेरी वेळेअभावी तुटली की मर्यादा वाढवून पुन्हा प्रयत्न करणे हे कोणत्याही कामसू मदतनिसाला सुचेल असेच आहे.

तिसरा प्रकार खरा आहे: वेगळी भूमिका, तिला ठरावीक तक्त्यांवर किंवा त्याहून चांगले म्हणजे ठरावीक व्ह्यूवर (तक्त्याचा निवडक भाग दाखवणाऱ्या चौकटीवर) फक्त वाचनाचा अधिकार, आणि फंक्शनवरचा सर्वांना मिळणारा अधिकार काढून घेतलेला. मालकाच्या अधिकाराने चालणारी फंक्शने जुन्या डेटाबेसमध्ये हमखास सापडतात. ती एकेक पाहावी लागतात. चौथा प्रकार म्हणजे रीड रेप्लिका, म्हणजे मूळ डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत, जिथे लिहिणे शक्यच नसते. तिथेही पूर्ण सुटका नाही. रेप्लिकावर दीर्घकाळ चाललेली क्वेरी एक तर रेप्लिकाला मागे पाडते किंवा मधेच तोडली जाते, आणि ते टाळण्यासाठी "हॉट स्टँडबाय फीडबॅक" ही सेटिंग चालू ठेवली असेल तर तिचा भार मूळ डेटाबेसवर मृत (बदललेल्या किंवा पुसलेल्या पण अजून साफ न झालेल्या) ओळी साचण्याच्या रूपाने पडतो. म्हणून तिसरा आणि चौथा एकत्र वापरावा, आणि वेळेची मर्यादा गेटवेने बाहेरून मोजून, वेळ संपली की ती जोडणी स्वतः तोडावी. आणि हे सगळे केले तरी वाचन हीच एक गंभीर कृती आहे, हे उरतेच. ग्राहकांचे फोन क्रमांक वाचून ते तिकिटाच्या उत्तरात चिकटवायला लिहिण्याचा अधिकार लागत नाही.

ज्या मोजक्या ठिकाणी एजंटला लिहू द्यायचे आहे, तिथे त्याच्या हाती मोकळे एसक्यूएल (डेटाबेसच्या आज्ञांची भाषा) देऊ नये. "अडकलेले जॉब पुन्हा रांगेत टाका" असे नेमके टूल द्यावे, ज्याला जॉबचे क्रमांक हेच इनपुट असते. मोकळे एसक्यूएल टाळताच येत नसेल तर गेटवेने ते व्यवहारात चालवून, किती ओळींवर परिणाम झाला ते पाहून, ठरलेल्या संख्येच्या वर गेल्यास "कमिट" न करता मागे फिरावे. या युक्तीला दोन छिद्रे आहेत. पोस्टग्रेस "डिलीट" नंतर जो आकडा सांगतो त्यात कॅस्केडने, म्हणजे त्या ओळीशी जोडलेल्या म्हणून आपोआप, गेलेल्या इतर तक्त्यांतल्या ओळी धरलेल्या नसतात, त्यामुळे "१ ओळ" या उत्तरामागे हजारो ओळी असू शकतात. आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये "ड्रॉप टेबल" किंवा "ट्रंकेट" आले की व्यवहार आपोआप पक्का होतो; मागे फिरायला जागाच राहत नाही.

कुबरनेटिसमध्ये विचार करण्याची रीत तीच, तपशील वेगळे. कृतीचे नाव पाहून धोका ठरवता येत नाही. डिप्लॉयमेंटखालचा (ठरलेल्या संख्येने प्रती चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेखालचा) एखादा पॉड (सेवेची एक चालती प्रत) "डिलीट" केला तर काही सेकंदांत नवा उभा राहतो, आणि पुष्कळ अलर्टवर तोच उपाय असतो. नेमस्पेसवर (क्लस्टरच्या एका कप्प्यावर) तीच आज्ञा दिली तर आतले सगळे जाते. पीव्हीसीवर (डिस्कसाठी नोंदवलेल्या मागणीवर) दिली तर, डिस्क आपोआप तयार झालेली असल्यास आणि कोणी वेगळे सांगितलेले नसल्यास, खालची डिस्कही जाते. म्हणून धोरण लिहिताना "हे परत आणता येते का, किती वेळात, आणि कोणाच्या मदतीशिवाय" हा प्रश्न धरून कृतींची विभागणी करावी. आपोआप परत येणाऱ्या कृती एजंटने न विचारता कराव्यात. प्रयत्नाने परत आणता येणाऱ्या माणसाच्या संमतीने. आणि परत न येणाऱ्या कृतींसाठी गेटवेमध्ये टूलच नसावे.

आरबीएसी (भूमिकेनुसार अधिकार देण्याची कुबरनेटिसची व्यवस्था) इथे अर्धेच काम करते. डिप्लॉयमेंटची संख्या बदलण्याची मुभा द्यायची की नाही एवढे त्याला सांगता येते. संख्या ३ च्या खाली नेऊ नकोस हे सांगता येत नाही. ते ॲडमिशनच्या, म्हणजे मागणी स्वीकारण्यापूर्वीच्या तपासणीच्या, टप्प्यावर लिहावे लागते आणि कुबरनेटिसच्या २०२४ च्या १.३० आवृत्तीपासून त्यासाठीची अंगभूत धोरणव्यवस्था स्थिर झालेली आहे. त्यात मागणी कोणाच्या ओळखीने आली हेही पाहता येते, म्हणून एजंटला एक मर्यादा आणि माणसांना दुसरी असे करणे शक्य आहे. मात्र ॲडमिशनचा टप्पा वाचनाच्या मागण्यांना लागूच होत नाही. "सीक्रेट" (क्लस्टरमध्ये ठेवलेली गुपिते) वाचण्यापासून एजंटला रोखायचे तर ते आरबीएसीनेच रोखावे लागेल, आणि तिथे "लिस्ट" चा अधिकार म्हणजे आतला मजकूर वाचण्याचाही अधिकार, हे ध्यानात ठेवावे.

एकेक कृती निर्दोष असूनही त्यांची मालिका घातक ठरू शकते, आणि ही बाजू एकेका मागणीपुरते पाहणाऱ्या धोरणातून निसटते. एक पॉड पुन्हा सुरू करणे ठीक. त्याच सेवेचे सगळे पॉड पाच मिनिटांत एकामागून एक पुन्हा सुरू करणे म्हणजे सेवा पाडणेच. म्हणून गेटवेला स्मरण असावे: या सत्रात, या सेवेवर, गेल्या तासात किती बदल झाले. तेच काम करून तोच दोष पुन्हा आला तर तिसऱ्यांदा प्रयत्न नाकारून माणसाला उठवावे. एजंट थकत नाही, आणि त्याची चिकाटी रात्री तीन वाजता गुण ठरत नाही.

त्या स्मरणात आणखी एक नोंद हवी: सत्रात बाहेरचा, अविश्वासू मजकूर आला आहे का. खासगी माहितीची पोच, बाहेरचा मजकूर वाचणे, आणि बाहेर काही पाठवण्याची सोय, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चोरी शक्य होते, हे विलिसन यांनी २०२५ मध्ये नेमकेपणे मांडले. त्याच वर्षी सुपाबेस या डेटाबेस-सेवेच्या बाबतीत एका सुरक्षा-चमूने त्याचे प्रात्यक्षिकही दाखवले: सपोर्टच्या तिकिटात एजंटसाठी आज्ञा लिहिली, एजंटकडे ओळनिहाय मर्यादा ओलांडणारी सेवा-भूमिका होती, त्याने गुप्त टोकनांचा तक्ता वाचला आणि तो त्याच तिकिटाच्या उत्तरात लिहून दिला. यातल्या प्रत्येक पावलाला वेगवेगळी परवानगी होती. यावर उपाय असा की, सत्रात तिकिटाचा किंवा कच्च्या लॉगचा मजकूर आला की त्या क्षणापासून गेटवेने त्या सत्रासाठी संवेदनशील वाचन किंवा बाहेर लिहिणे, यांपैकी एक वाट बंद करावी. हा निर्णय मॉडेलवर सोडू नये. कोणते टूल बाहेरचा मजकूर आणते हे गेटवेला आधीच माहीत असते.

संशयास्पद कृती ओळखण्यासाठी दुसरे मॉडेल नेमण्याची सूचना सगळीकडे ऐकू येते. ते जरूर ठेवा, विशेषतः एजंटचे मूळ काम आणि सध्याची मागणी यांचा मेळ बसतो का हे पाहायला. पण त्याला नकार देण्याचाच अधिकार असावा, परवानगी देण्याचा नसावा. ज्या मजकुराने पहिले मॉडेल भुलले तोच मजकूर वाचून दुसरेही भुलू शकते. म्हणून त्याला मूळ मजकूर न दाखवता फक्त मागणीचे टूल आणि इनपुट दाखवणे बरे.

माणसाच्या संमतीबद्दल थोडे परखडपणे लिहावे लागेल, कारण बहुतेक आराखड्यांत सगळ्या अवघड प्रश्नांचे उत्तर म्हणून "ह्यूमन इन द लूप" (माणूस मधे ठेवा) असे लिहून विषय मिटवलेला असतो. दर काही मिनिटांनी फोनवर "मान्य करा" आले की माणूस न वाचता मान्य करू लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराने एका कंत्राटदाराला लॉगिनच्या संमतीच्या विनंत्या पाठवत राहूनच एक होकार मिळवला होता. त्यामुळे संमतीच्या मागण्या मोजक्याच याव्यात, आणि त्यासाठी वर सांगितलेली विभागणी आधी नीट झालेली असावी. संमतीच्या पडद्यावर एजंटने लिहिलेले समर्थन वरच्या बाजूला नसावे; ते वाचताना पटतेच, लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. वर असावे ते गेटवेने स्वतः काढलेले चित्र: नेमकी आज्ञा, कोणत्या क्लस्टरवर, किती पॉड किंवा किती ओळी, परत कसे आणता येईल. दिलेली संमती त्या नेमक्या आज्ञेच्या हॅशशी (तिच्या मजकुरातून काढलेल्या ठशाशी) बांधलेली असावी, एकदाच वापरता यावी, आणि दहा-पंधरा मिनिटांत बाद व्हावी. रात्री दोनला दिलेली संमती सकाळी सातला, परिस्थिती पूर्ण बदललेली असताना, वापरली जाऊ नये. उत्तर आलेच नाही तर त्याचा अर्थ नकार.

थांबवण्याच्या सोयीविषयी. पटलावर लाल बटण असते, आणि ते दाबल्यावर नक्की काय थांबते हे विचारले की खोलीत शांतता पसरते. एजंटची प्रक्रिया मारली तरी त्याने डेटाबेसमध्ये सुरू केलेली क्वेरी चालूच राहू शकते; रांगेत टाकलेली कामे नंतर सुरू होतात; आणि एडब्ल्यूएस या क्लाउडमध्ये भूमिकेचे अल्पमुदतीचे टोकन एकदा दिले की मुदत संपेपर्यंत ते चालते, मग मुदत कितीही कमी, म्हणजे १५ मिनिटांची, का असेना. ते आधीच रद्द करायचे तर त्या भूमिकेला अमुक वेळेपूर्वी दिलेल्या टोकनांसाठी नकाराचे धोरण जोडावे लागते. तेव्हा बटणाने क्रमाने गेटवेतील ती ओळख बंद करावी, दिलेली टोकने नाकारावीत, त्या भूमिकेच्या डेटाबेस-जोडण्या तोडाव्यात आणि रांगेतली त्या ओळखीची कामे गोठवावीत. नाइट कॅपिटलच्या लोकांनी त्या सकाळी दोष शोधताना बरोबर चालणाऱ्या सात सर्व्हरवरूनच नवा कोड काढून टाकला आणि नुकसान वाढवले. बाजार उघडण्यापूर्वी दोषाची सूचना देणारे ९७ ईमेलही येऊन पडले होते, पण ते अलर्ट म्हणून पाहायचे असे कोणी ठरवलेलेच नव्हते. थांबवण्याचा सराव दिवसाउजेडी, कामाच्या वेळी, खऱ्या क्लस्टरवर करावा. आणि गेटवेच बंद पडला तर? एजंटचे सगळे थांबावे. माणसांसाठी आणीबाणीची वेगळी वाट असावी आणि तिच्या किल्ल्या एजंटच्या जगात कुठेही नसाव्यात.

बॅकअपचेही तसेच. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, तेव्हा ठरलेल्या वाटेचे बॅकअप बरेच दिवस बनतच नव्हते असे उघड झाले आणि सुमारे सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटवर भागवावे लागले. तिथे एजंट नव्हता, माणूस होता. एजंटला लिहिण्याची पहिली परवानगी देण्याच्या आदल्या आठवड्यात बॅकअप उतरवून पाहावा, आणि तो पुसण्याचा अधिकार वेगळ्या खात्यात ठेवावा.

लॉग गेटवेने लिहावा, एजंटच्या पोचेबाहेर ठेवावा, आणि त्यात मागणी, पूर्ण इनपुट, धोरणाची आवृत्ती, निर्णय आणि प्रत्यक्ष परिणाम हे पाचही असावेत. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणे आणि घटना सहा तासांत कळवणे हे तुम्हाला तसेही बंधनकारक आहे. एजंटने काय केले हे सहा तासांत सांगता यायचे तर ते त्याच्या गप्पांच्या नोंदीतून शोधत बसून चालणार नाही.

राहिला वेगाचा प्रश्न. नियमांवर चालणारी तपासणी काही मिलिसेकंदांची असते आणि मॉडेलला पुढचे पाऊल ठरवायला सेकंद लागतात, त्यामुळे ती जाणवतही नाही. दुसरे मॉडेल मधे घातले तर सेकंदभर वाढेल. ते फक्त बदल करणाऱ्या कृतींवर घालावे, वाचनावर नको. खरा वेळ माणसाच्या संमतीत जातो, आणि तो जाऊ द्यावा. सुरुवातीला काही आठवडे गेटवे नुसत्या नोंदीवर चालवा: एजंटला वाचू द्या, बदलाची प्रत्येक मागणी अडवा, आणि ती मान्य झाली असती तर काय झाले असते ते रोज सकाळी ऑन-कॉल इंजिनिअरने स्वतः केलेल्या कारवाईशेजारी ठेवून पाहा. ज्या मागण्या पुन्हा पुन्हा जशाच्या तशा जुळतात, त्यांची वेगळी टूल बनवा आणि तेवढीच एकेक करून खुली करा. माझ्या अंदाजाने तुमच्या बाबतीत पहिली खुली होईल ती एकच पॉड पुन्हा सुरू करण्याची, एका सेवेवर तासातून एकदा.